झाण, छान, झेन : एका चिनी अक्षराची वाचने

बौद्ध धर्माविषयी किंवा जपानी हायकूविषयी मराठीत लिहिताना एक वाक्य हमखास येते : संस्कृत 'ध्यान' या शब्दाचे चिनी भाषेत 'छान' झाले आणि जपानीत 'झेन'. हे वाक्य खोटे नाही. वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात, आणि 'म्हणजे मूळ शब्द आपलाच' असे समाधानही त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. तथापि या वाक्यात एक महत्त्वाची गोष्ट गाळली जाते. शब्द नदीतल्या गोट्यासारखा घरंगळत, झिजत झिजत जपानपर्यंत गेला असावा, असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात तो गेला एका लिखित अक्षरावर स्वार होऊन. या अक्षराला बौद्ध धर्म चीनमध्ये येण्यापूर्वीच स्वतःचा अर्थ होता, स्वतःचा इतिहास होता, आणि तो अर्थ पुढेही पुसला गेला नाही. चीन, कोरिया, जपान आणि व्हिएतनाम या चार देशांनी ते एकच अक्षर आपापल्या तोंडाने वाचले. 'झेन' समजून घ्यायचा तर त्या अक्षराकडे पाहणे भाग आहे.

आधी भारतीय बाजू पाहू. 'ध्यान'चे 'छान' कसे झाले, असा प्रश्न मुळातच थोडा चुकीचा आहे; कारण चीनमध्ये पोहोचलेला शब्द 'ध्यान' नव्हताच. तो प्राकृत शब्द होता. संस्कृतातील 'ध्य' या जोडाक्षराचा प्राकृतांत 'झ' किंवा 'ज्झ' होतो, हा नियम मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. संध्या, संझा, सांज. वंध्या, वंझा, वांझ. 'मध्य'चे 'मज्झ' झाले आणि त्यातूनच आपल्या वाड्यांतले 'माजघर' आले. 'युध्'चे 'जुज्झ' झाले आणि त्यातून 'झुंज' आली. त्याच नियमाने 'ध्यान'चे पालीत 'झान' झाले, आणि जैन ग्रंथांच्या प्राकृतात व माहाराष्ट्रीत 'झाण'. जिनभद्रगणींच्या नावावर असलेल्या 'ध्यानशतका'चे एक नाव 'झाणज्झयण' असे आहे. ध्यान आणि अध्ययन, दोन्ही शब्दांतील 'ध्य' त्या एका समासात 'झ' झालेला दिसतो. वायव्येकडील गांधारी प्राकृतात हा शब्द 'जाण'च्या जवळ जातो. चीनमधील आरंभीच्या भाषांतरकारांपुढे अशाच एखाद्या प्राकृत रूपाचा उच्चार होता. गमतीची गोष्ट अशी की मराठीने स्वतः मात्र हे 'झाण' टिकवले नाही. आपण 'सांज' आणि 'वांझ' तद्भव ठेवले, 'ध्यान' मात्र पुन्हा संस्कृतातून तत्सम घेतले. आपल्या भाषेत हरवलेले तद्भव रूप चिनी अक्षराच्या पोटात राहिले.

इ.स. १४८ मध्ये आन शिगाओ हा पार्थियन भिक्षू लुओयांगला आला. चिनी भाषेतील बौद्ध भाषांतरांचा सलग इतिहास त्याच्यापासून सुरू होतो. आनापान, म्हणजे श्वासोच्छ्वासावरील लक्ष, आणि ध्यानाच्या पायऱ्या हे त्याच्या भाषांतरांचे आवडते विषय. 'झान' या शब्दाला चिनीत काय म्हणावे, हा प्रश्न त्या पहिल्या पिढीपुढेच उभा राहिला. चिनी लिपीत वर्ण नाहीत. परका ध्वनी लिहायचा तर त्याच्याशी जुळणाऱ्या उच्चाराचे एखादे अर्थपूर्ण अक्षर उसने घ्यावे लागते. या शब्दासाठी जे अक्षर घेतले गेले, त्याचा आजचा उत्तर चिनी उच्चार 'छान'. (इथे 'छ' महाप्राणच आहे. 'चॅन' हे रूप जुन्या रोमन लेखनातील महाप्राणदर्शक चिन्ह गळाल्यामुळे आपल्याकडे आले.)

हे अक्षर दोन भागांचे आहे. डावीकडचा भाग वेदी किंवा देवकार्य सुचवतो. पूजा, नैवेद्य, पूर्वज, आशीर्वाद अशा अर्थांच्या अक्षरांत तो येतो. उजवीकडचा भाग सुटा वाचला तर 'एकटा, एकेरी' अशा अर्थाचा आहे. लोकप्रिय पुस्तकांत यावरून एक सुंदर व्युत्पत्ती सांगितली जाते : देवापुढे एकटा बसलेला माणूस, म्हणून ध्यान. ती टिकत नाही. श्यू शेन या विद्वानाने इ.स. १००च्या सुमारास पूर्ण केलेल्या कोशात या अक्षराची फोड दिली आहे. त्यानुसार डावा भाग अर्थाचा आणि उजवा केवळ उच्चाराचा. चिनी अक्षरांपैकी बहुसंख्य अक्षरे याच पद्धतीने घडली आहेत. हाच उजवा भाग 'युद्ध' आणि 'रातकिड्यासारखा गाणारा सिकाडा' या अर्थांच्या अक्षरांतही उच्चारापुरताच येतो. तिथे कुणी एकटेपणा शोधत नाही. श्यू शेनने अक्षराचा अर्थ दिला आहे तो यज्ञाचा, आकाशाला उद्देशून केलेल्या बलिकर्माचा. ध्यानाचा त्यात मागमूस नाही.

हा यज्ञ साधा नव्हता. सम्राटाने थायशान पर्वताच्या माथ्यावर आकाशाची आणि पायथ्याजवळच्या लिआंगफू टेकडीवर पृथ्वीची पूजा करायची, असा तो जोडविधी. माथ्यावरच्या विधीला 'फंग' म्हणत आणि खालच्या, जमीन साफ करून केलेल्या पृथ्वीपूजेला 'शान'. हे 'शान' म्हणजेच आपले अक्षर. छिन शी ह्वांगने इ.स.पू. २१९ मध्ये आणि हान घराण्याच्या वू सम्राटाने इ.स.पू. ११० मध्ये हा विधी केला. इतिहासकार सिमा छियानने आपल्या ग्रंथात त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले. आपल्या अश्वमेधासारखाच तो सत्तेवर दैवी शिक्का मारणारा विधी होता. त्यातूनच अक्षराला दुसरा राजकीय अर्थ मिळाला : सिंहासन स्वखुशीने योग्य माणसाला देणे. पुराणकालीन राजा याओने आपल्या मुलाला डावलून सद्गुणी शुनला राज्य दिले, त्या आदर्श त्यागासाठी हेच अक्षर वापरतात.

इ.स. २२० मध्ये हान घराण्याच्या शेवटच्या सम्राटाकडून त्साओ पीने राज्य काढून घेतले. तेही 'स्वखुशीने दिलेले' म्हणूनच जाहीर झाले. त्साओ पीने आधी नकार देण्याचे सोपस्कार पार पाडले, मग वेदी उभारून राज्य 'स्वीकारले'. या समारंभाचा शिलालेख हेनान प्रांतात आहे आणि त्याच्या नावातच हे अक्षर आहे. आन शिगाओचे लुओयांगही हेनानमध्येच. म्हणजे पाऊणशे वर्षांच्या आत, एकाच प्रदेशात, एकच अक्षर भिक्षूंच्या पोथीत सर्वस्व सोडून बसण्यासाठी आणि दरबारात सर्वस्व बळकावण्यासाठी वापरले जात होते.

या दुहेरी आयुष्याची एक खूण एका राजाच्या नावात उरली आहे. 'तीन राज्यां'च्या कथेतील लिउ बेईच्या दत्तक मुलाचे नाव फंग आणि औरस मुलाचे नाव याच अक्षराने लिहिलेले. दोन्ही मिळून थायशानचा यज्ञ होतो. बापाची महत्त्वाकांक्षा मुलांच्या नावांतच आहे. या औरस मुलाने इ.स. २२३ ते २६३ राज्य केले आणि अखेर ते शत्रूच्या स्वाधीन केले. त्याचे नाव 'लिउ शान' वाचावे की 'लिउ छान', हा वाद चिनी वाचकांत रंगतो. मुलांच्या नावांची जोडी 'शान'च्या बाजूने साक्ष देते. परंतु पुढे बौद्ध अर्थ इतका बलवान झाला की अक्षर दिसताच सर्वसामान्य वाचकाच्या तोंडी 'छान' येते. उसना अर्थ मूळ मालकाच्या खुर्चीवर बसला तो असा.

उच्चाराकडे वळू. चिनी उच्चारकोशांत अक्षराचा उच्चार दोन इतर अक्षरांनी सांगत : पहिल्याचा आरंभ घ्या, दुसऱ्याचा शेवट घ्या. इ.स. १००८च्या 'ग्वांगयुन' या कोशात आपल्या अक्षराला दोन उच्चार आहेत. ध्यानासाठी 'बाजार' अर्थाच्या अक्षराचा आरंभ आणि 'जोडणे' अर्थाच्या अक्षराचा शेवट. यज्ञ आणि राज्यदानासाठी 'समय' अर्थाच्या अक्षराचा आरंभ आणि 'युद्ध' अर्थाच्या अक्षराचा शेवट. दोहोंचा आरंभीचा व्यंजनध्वनी एकच, फरक सुराचा. एक सम सुरातला, दुसरा उतरत्या सुरातला. पुढे उत्तरेकडील चिनीत घोष व्यंजने अघोष झाली. त्या बदलात सम सुरातल्या उच्चाराचा 'छ' झाला आणि दुसऱ्याचा 'श'. 'छान' आणि 'शान' ही दोन वेगळी वाटणारी वाचने अशी एकाच मुळाची आहेत.

स्वराची कहाणी अधिक बोधप्रद आहे. आन शिगाओच्या काळी या अक्षराचा उच्चार 'ज्यान'च्या आसपास होता, असे ध्वनिइतिहासाचे अभ्यासक मानतात. म्हणूनच ते 'झान'साठी योग्य ठरले. पुढे चार-पाच शतकांत त्यातला 'आ' वर सरकून 'ज्येन' झाला. इ.स. १३२४च्या एका प्रसिद्ध उच्चारकोशात तो 'छ्येन'सारखा आहे. त्यानंतर आधीच्या व्यंजनाने मधला 'य' गिळला आणि स्वर पुन्हा 'आ'कडे वळला. म्हणजे आजच्या 'छान'मधला 'आ' हा 'झान'मधला जपून ठेवलेला 'आ' नव्हे. तो मोठा वळसा घेऊन आलेला नवा 'आ' आहे. दिसण्यात सर्वांत जवळचे रूप इथे इतिहासाने सर्वांत दूर गेलेले निघते. केवळ कानाला जुळते म्हणून व्युत्पत्ती लावणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

चीनच्या दक्षिणेत आणखी वेगळे चित्र आहे. कँटनच्या बोलीत हे अक्षर 'सिम' वाचतात. तिथे शेवटचा 'न'सुद्धा उरला नाही. दुसरीकडे, चिनी पंडितांनी आद्यव्यंजनांची छत्तीस नावांची जी यादी केली, तिच्यात एका ध्वनीला नाव म्हणून हेच अक्षर दिले आहे. शौवेन नावाच्या भिक्षूशी जोडली जाणारी ही मांडणी उच्चारस्थानांनुसार आहे, आणि तिच्यामागे भारतीय वर्णमालेचा संस्कार असल्याचे अभ्यासक सांगतात. प्राकृत शब्दासाठी घेतलेले अक्षर भारतीय पद्धतीच्या वर्णयादीत स्वतःच एक 'वर्ण' होऊन बसले.

मूळ लिप्यंतर दोन अक्षरी होते : 'छान-ना'. दुसरे अक्षर लवकरच गळाले. मग एकट्या अक्षराला अर्थाचा आधार म्हणून 'स्थिरता' अर्थाचे चिनी अक्षर जोडून 'छान-तिंग' असा अर्धा भारतीय, अर्धा चिनी समास झाला. आपल्याकडे 'पावरोटी' आहे तसाच. शुद्धतेचा आग्रह धरणारेही होते. संस्कृत 'ध्यान'च्या अधिक जवळ जाणारे तीन अक्षरी लिप्यंतर पुढे झाले, आणि ह्युएन त्संगने तर ध्वनी बाजूला ठेवून 'शांत चिंतन' अशा अर्थाचा निखळ चिनी शब्द वापरला. इ.स. ६४५ मध्ये भारतातून परतलेला हा विद्वान आपल्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातूनही गेला होता. संस्कृतचे त्याचे ज्ञान आधीच्या कोणाहीपेक्षा कमी नव्हते. परंतु त्याचा अचूक शब्द शास्त्रग्रंथांत राहिला आणि लोकांच्या तोंडी जुने, सुमारे पाचशे वर्षे रुळलेले 'अशुद्ध' अक्षरच टिकले. नवव्या शतकात गुइफंग झोंगमी (७८०-८४१) या आचार्याला हे अक्षर भारतीय शब्दाचे आहे, पूर्ण रूप दोन अक्षरी आहे, असे वाचकांना समजावून सांगावे लागले. समजावून सांगावे लागते, याचाच अर्थ शब्दाचे परकेपण एव्हाना विसरले गेले होते. तोवर हुइनेंगच्या (६३८-७१३) परंपरेत 'छान' हे एका साधनेचे नाव न राहता एका पंथाचे नाव झाले होते. त्यातही पेच असा की, केवळ आसन घालून बसणे म्हणजे ध्यान नव्हे, असे याच पंथाचे आचार्य ठासून सांगत होते.

जपानमध्ये चिनी अक्षरांची वाचने थरांनी साचली आहेत. 'गो-ओन' हा जुना थर दक्षिण चीनमधून, बराचसा कोरियाच्या पॅक्चे राज्यामार्गे आला. 'कान-ओन' हा नंतरचा थर तांग राजधानीतला. आपल्या अक्षराचे गो-ओन 'ज़ेन' आणि कान-ओन 'सेन'. आठव्या शतकाच्या अखेरीस दरबाराने राजधानीची प्रतिष्ठित वाचने शिकण्याचे फर्मान काढले, पण मठांनी आपले जुने पठण सोडले नाही. पुढे एइसाई ११९१ मध्ये चीनहून परतला, दोगेनही (१२००-१२५३) तिकडे जाऊन आला, आणि या पंथाबरोबर चिनी वाचनांचा आणखी एक, तिसरा थर जपानीत आला. पंथाचे नाव मात्र जुन्या थरातलेच राहिले. म्हणून त्या 'ज़'मध्ये चीनच्या उत्तरेने केव्हाच गमावलेला घोष ध्वनी ऐकू येतो. मराठीत आपण तो 'झ'ने लिहितो. महाप्राण जपानीत नाही, पण 'झाण'चा 'झ' असा योगायोगाने नावाला परत मिळाला. जपानीत 'शान' आणि 'छान' हा भेद मात्र राहिला नाही. थायशानचा यज्ञ 'होज़ेन' आणि राज्यदान 'ज़ेन्जो'. राजकीय नेत्याने पद आपल्या वारसदाराकडे सोपवले तर जपानी वृत्तपत्रे आजही 'ज़ेन्जो' लिहितात. त्यात ध्यानाचा काही संबंध नसतो.

कोरियात हेच अक्षर 'सॉन'. तिथे घोषत्व गेले, सूर गेला, आणि दोन्ही अर्थांना एकच वाचन उरले. राजा सेजोंगच्या काळात १४२४ मध्ये सर्व बौद्ध पंथांची 'सॉन' आणि 'क्यो', म्हणजे ध्यान आणि शास्त्र, अशा दोन गटांत विभागणी झाली. त्याच राजाने १४४६ मध्ये हंगुल लिपी जाहीर केली. हंगुलमध्ये 'सॉन' लिहिले की चांगुलपणा, रेषा, सिद्धपुरुष आणि ध्यान हे सारे सारखेच दिसतात. अक्षर दिसेनासे झाले की अर्थ संदर्भावरून ओळखावा लागतो.

व्हिएतनामने मात्र भेद राखला. ध्यानासाठी 'थ्येन' खाली जाणाऱ्या सुरात, यज्ञासाठी 'थ्येन' जड, तुटक सुरात. चिनी 'श'-'ज्य' वर्गातील ध्वनींचा व्हिएतनामी वाचनात 'थ' होतो, हा तिथला नियमच. आज व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. चिनी अक्षर तिथे देवळांच्या कमानींवर उरले आहे. पण स्वरावरच्या बारीक खुणेने ग्वांगयुनमधला सुरांचा भेद अजून दाखवला जातो. अक्षराचे दोन्ही अर्थ एका आयुष्यात आलेले पाहायचे तर इथेच पाहावे. त्रान न्यान तोंग हा राजा १२७८ मध्ये गादीवर आला, १२८५ आणि १२८७-८८ च्या मंगोल स्वाऱ्या त्याच्या कारकिर्दीत परतवल्या गेल्या. १२९३ मध्ये त्याने राज्य मुलाला दिले, १२९९ मध्ये येन तू पर्वतावर प्रव्रज्या घेतली आणि 'त्रुक लाम' हा देशी ध्यानपंथ स्थापन केला. राज्य सोडणे आणि ध्यानाला बसणे या दोन्ही कृतींना चिनी लिपीत एकच अक्षर आहे. लिहिणाऱ्याच्या मनात ही जोडी आली असेल-नसेल. अक्षराने ती शक्यता हजार वर्षे सांभाळली होती.

मराठीत 'झेन' आला तो यांपैकी कुठल्याच वाटेने नाही. १८९३ च्या शिकागोतील ज्या परिषदेत विवेकानंद बोलले, तिथे सोयेन शाकू हे जपानी झेन आचार्यही होते. त्यांचे शिष्य दा. ते. सुझुकी यांच्या १९२७ पासूनच्या इंग्रजी निबंधांनी 'झेन' हे वाचन जगभर नेले. छान, सॉन आणि थ्येन या परंपरांनाही मग इंग्रजीत 'चिनी झेन', 'कोरियन झेन' म्हणण्याची रीत पडली. आपण तेच उचलले. पुण्यात रजनीशांनी झेनवर प्रवचने दिली आणि १९८९ मध्ये 'ओशो' हे नाव घेतले. या जपानी उपाधीचे मूळ मध्य आशियातील रूपांमार्गे 'उपाध्याय' या शब्दापर्यंत नेले जाते. 'ध्य'चा 'झ' तिथेही झाला होता. पालीतला 'उपज्झाय' आणि उत्तरेतले 'ओझा' त्याचेच. आपल्याकडचे 'पाध्ये' मात्र 'ध्य' धरून बसले.

तेव्हा 'झेन म्हणजे ध्यान' हे सांगावे, पण तिथेच थांबू नये. शब्दाचा आरंभ भारतात झाला, हे खरे. परंतु त्याला चीनने यज्ञाचे आणि सिंहासनाचे अक्षर दिले, तिथल्या आचार्यांनी त्याला पंथाचा अर्थ दिला, जपानने घोष ध्वनी जपला, व्हिएतनामने सूर जपला. आपण तर आपले 'झाण' केव्हाच सोडून दिले होते. मूळ सांगणे म्हणजे मालकी सांगणे नव्हे. ज्यांनी शब्द सांभाळला, त्यांचा हिशेबही व्युत्पत्तीतच मांडायला हवा. भाषेच्या वर्गात तो मांडणे आपल्याला सहज शक्य आहे.